आखाजीची सुट्टी कुणाची?

आमच्या भाचीचं म्हणणं असं, की उन्हाळ्याची सुट्टी मुलांच्या नावावर जमा होते आणि मोठी माणसं ती खर्च करतात. ती पुण्याला असते. २०२५ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिने दहावीचे पेपर दिले आणि एप्रिल संपता संपता आई आणि धाकट्या भावाबरोबर आमच्याकडे, एरंडोल तालुक्यातल्या आमच्या गावी आली. मी तिची मामी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे सुट्टी मलाही असते. कागदावर असते.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीच्या तोडीची, कुणाकुणाच्या मते दिवाळीपेक्षा मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाच्या फांद्यांना झोके लागतात, पितरांच्या नावाने नवी घागर भरून वर खरबूज ठेवतात. सांजोऱ्या होतात, खापरावरचे मांडे होतात, आमरसाची पातेली भरतात. पुरुष पारावर पत्ते कुटतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्याचं, साल याच दिवशी संपतं आणि पुढच्या सालाची बोली होते. २०२५ मध्ये आखाजी ३० एप्रिलला होती, परीक्षा नुकत्याच संपल्या होत्या, त्यामुळे माझ्या तिन्ही नणंदा मुलाबाळांसकट हजर. घर गच्च.

आखाजी झाल्यावर दोन-चार दिवसांनी मी आणि भाची पहाटे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, बिबडे (ज्वारीचे पापड) घालत होतो. भिजवून आंबवलेल्या ज्वारीच्या भरड्यात तीळ, लसूण, मिरची घालून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा, गरम असतानाच ओल्या धोतरावर घ्यायचा आणि पाण्यात बुडवलेल्या हाताने पातळ थापायचा. ऊन तापायच्या आत काम उरकावं लागतं, कारण दहानंतर धाब्यावर पाय टेकवत नाही. भाची स्वतःहून उठून आली होती. मदतीला आली असं मला वाटलं, पण गावात मोबाईलला रेंज फक्त धाब्यावर येते हेही खरं.

ती : मामी, एक विचारू? रागावू नकोस.

मी : विचार. पण ढवळणं थांबवू नको, खाली लागेल.

ती : तुम्हा मोठ्यांना 'मला ओळखलंस का?' याशिवाय दुसरं वाक्य येतच नाही का? काल ज्या घरी गेलो तिथे हेच. नाही म्हटलं तर त्यांचं तोंड उतरतं. हो म्हटलं तर लगेच 'सांग बरं कोण?' आई शेजारी उभी राहून नुसती हसते, हळूच नावसुद्धा सांगत नाही.

मी : पलीकडच्या गल्लीतल्या आजींचं म्हणतेस ना? अगं, तू इथेच जन्मलीस. तुला पहिले पंधरा दिवस अंघोळ त्यांनी घातली. पायावर घेऊन.

ती : ते मला कसं आठवणार? त्यांनी सरळ सांगावं, मी अमकी, तुझ्या आजीची चुलत जाऊ. मी पाया पडते, विषय संपला.

मी : सांगून टाकलं तर गंमत काय राहिली?

ती : गंमत त्यांची, घाम मला.

मी : त्यांचा तुझ्यावर हक्क आहे असं त्यांना वाटतं. तो आहे की नाही एवढंच त्या विचारत असतात. सत्तरी ओलांडलेली बाई आणखी कसं विचारणार?

ती : बरं, ते सोडून देऊ. पण 'किती टक्के पडतील?' हे सोडणार नाही. निकाल लागलेला नाही. लागल्यावर कुणाला सांगायचा हे मी ठरवलेलं नाही. त्या काकांनी तर रसाची वाटी हातात देता देताच विचारलं. वाटी परत ठेवावी असं वाटलं मला.

मी : पारावर ते एकमेकांना काय विचारतात ते ऐकलंस का? 'कापूस काय भावानं गेला?' यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७,५२१ रुपये. तेवढा ज्याला मिळाला तो आकडा सांगतो. घरी आलेल्या व्यापाऱ्याला ज्याने कमी भावात घातला, तो म्हणतो, 'दिला बुवा, बरा गेला.' तुझ्या मामाला विचारून बघ. आकडा तोंडातून निघणार नाही. तुझे टक्के काय नि कापसाचा भाव काय, वर्षभराची मेहनत एका आकड्यात सांगायची. इथल्या माणसाला त्या प्रश्नाची सवय आहे.

ती : मग मीपण म्हणू, 'दिले बुवा पेपर, बरे गेले'?

मी : म्हण. त्यांना लगेच कळेल आणि पुढे कुणी विचारणार नाही.

ती : पण मामाला भाव विचारणारा स्वतःही कापूसच विकतो. उद्या तो त्याला उलट विचारू शकतो. माझे टक्के विचारणाऱ्या काकांना मी त्यांचे दहावीचे विचारले तर चालेल?

हे मला पटलं. शाळेत मीही मुलांना वर्षभर विचारतच असते, आणि मला मात्र कुणी मूल उलटून विचारत नाही.

घाट्याची पहिली खेप धोतरावर थापून झाली. उरलेल्यातला थोडा वाटीत काढून वर कच्चं तेल घालून तिला दिला. हा घाटा गरम खाल्ल्याशिवाय बिबडे झाले असं आमच्याकडे कुणी मानत नाही. तिने चमच्याने जपून चाखला, मग वाटी पुसून खाल्ली, आणि पुढच्या तक्रारीला लागली. रात्री मामाला आयपीएल हवं आणि आजीला मालिका, मुलांच्या हाती रिमोट नाहीच. चार्जिंगचं बटण एकच आणि त्यावर मोठ्या मावशीचा फोन कायमचा मुक्कामाला. धाकटा मावसभाऊ पासवर्ड विचारून विचारून डोकं खातो. निघताना हातात शंभराची नोट कोंबतात आणि आई 'नको नको' करत ती परत करायला बघते, मधल्यामध्ये नोट चुरगळते. यातलं काहीही तिने फार मनावर घेतलेलं नव्हतं. खरं दुखणं पुढे निघालं.

ती : तुमच्या घराला दारं आहेत ना?

मी : आहेत की.

ती : मग लावत का नाही कुणी? परवा दुपारी मी मधल्या खोलीचं दार लावून पडले होते. दहा मिनिटांत चार जणं आली. 'बरं नाही का?' 'डोकं दुखतंय?' 'कुणी काही बोललं का?' आजी तर लिंबू-मीठ घेऊन आली, नजर काढायला. मला काहीही झालेलं नव्हतं गं. मला फक्त एकटं बसायचं होतं.

मी : बाहेर पारा चव्वेचाळीसवर. कूलर एकाच खोलीत. सगळ्यांनी तिथेच पडायचं, दुसरं काय करणार? गार हवा एकट्यापुरती ठेवून दार लावलं, तर बाकीच्यांनी कुठे जायचं?

ती : मी कूलरच्या खोलीचं नव्हतं लावलं. मधल्या खोलीत नुसता पंखा आहे. उकडून घेत होते, पण माझी मी.

मी : इथे दार लावणं म्हणजे रुसणं. तुमच्या पुण्यात मात्र दार उघडं दिसलं की वॉचमन बेल वाजवून विचारतो.

ती : ते खरं आहे. पण तुला कधी वाटत नाही? दार लावावं, कुणी हाक मारू नये, असं?

मी : मला?

ती : हो, तुला. तू झोपतेस कुठे, मला अजून कळलेलं नाही. मी झोपते तेव्हा तू जागी, उठते तेव्हा तू जागी.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दाराला आतून कडी लावून दुपारी पडले आहे असं मला आठवत नाही. तिला मी तसं सांगितलं नाही. म्हटलं, उठ, दुसरं धोतर पिळून आण.

ती : मामी, आईचं काय झालंय इथे आल्यावर?

मी : काय झालं?

ती : पुण्यात ती सहाला उठते. डबे, ऑफिस, परत येऊन स्वयंपाक. मी पाणी मागितलं तर 'हात आहेत ना तुला' म्हणते. आणि इथे नऊ वाजता उठली काल! उठून आजीला म्हणते, 'आई, चहा दे गं.' आजी चहा देते. म्हणजे आजी तुला सांगते आणि तू देतेस. मग दुपारभर तिघी बहिणी आडव्या पडून कुणाच्या तरी लग्नातल्या गोष्टी काढून खिदळतात. मला आईशी काही बोलायचं होतं, तर म्हणाली, 'पुण्याला गेल्यावर बोलू.' माझी आई इथे नसतेच. आजीची मुलगी असते.

मी : त्यालाच माहेर म्हणतात, बाई. अकरा महिने जी सगळ्यांची आई, सून, साहेबीण असते, तिला आठ-दहा दिवस मुलगी होता येतं. तेवढंही तू तिला देणार नाहीस का?

ती : देईन ना. पण मग ती मुलगी झाली की तिच्या वाटणीचं काम जातं कुठे? ते नाहीसं तर होत नाही. ते तुझ्याकडे येतं.

मी : पाहुणे आल्यावर काम वाढणारच.

ती : आई पाहुणी आहे का? तू म्हणतेस हे तिचं घर. मग घरातल्या माणसाने ताट उचलावं. नाहीतर पाहुणी म्हणा, आणि पाहुण्यांनी चार दिवसांत जावं.

मी : असं आईसमोर बोलू नको.

ती : म्हणून तुझ्यासमोर बोलतेय.

आता खरं सांगते. नणंदा आल्या की मला त्रास होतो, आणि त्या आल्या नाहीत तर मला करमत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असतं हे सोळा वर्षांच्या मुलीला पटवणं अवघड. मी तिला सांगायचा प्रयत्न केला. सासूबाईंचं लक्ष लेकींकडे असलं की माझ्या भाजीत मीठ किती, हे कुणी बघत नाही. रात्री धाब्यावर ओळीने अंथरुणं पडतात, मधली नणंद सगळ्या गावाच्या नकला करते, हसून हसून पोट दुखतं. एरवी या घरात रात्री साडेनऊला शेवटचा दिवा जातो. झोक्यावर मी एरवी कधी बसणार? नणंद हात धरून नेते म्हणून बसते. वर्षभर माझ्याशी 'पाणी आलं का' आणि 'लाईट गेली का' यापलीकडे बोलणारं माणूस इथे नाही. तू आलीस म्हणून पहाटे धाब्यावर वाद घालायला तरी कुणी मिळालं.

ती : म्हणजे तुला आम्ही यायला हवे असतो?

मी : हवे असता.

ती : मग तुझं माहेर? तू कधी जातेस?

मी : जाते की. अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा असते ना वैशाखात, तेव्हा. एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी. बोरी नदीच्या पात्रात मोठी यात्रा भरते.

ती : पण आखाजीला माहेरी जायचं असतं ना? सगळ्या जातात. तू का नाही?

मी : मी गेले तर तुम्ही याल तेव्हा घरी कोण? माझी वहिनी तिथे माझी वाट बघते, मी गेले की ती तिच्या माहेरी जाते. तिच्या माहेरची वहिनी तिची वाट बघत असणार.

ती : थांब. म्हणजे प्रत्येक घरात एक बाई अडकून बसलीय, आणि ती सुटायची कधी, तर दुसरी परत गेल्यावर?

मी : असंच चालत आलंय.

ती : आणि तुझी बहीण? ती सुरतेची मावशी?

इथे तिने नेमकं बोट ठेवलं. आमच्या खान्देशातली कितीतरी घरं सुरतेला, उधना-लिंबायतला जाऊन राहिली आहेत. माझी बहीण त्यातलीच. तिच्या सासरी नणंद नाही, म्हणून ती आखाजीला अमळनेरला येऊ शकते. आठवडाभर राहते आणि यात्रेच्या आधी परतते, कारण मेहुण्यांना जास्त सुट्टी नसते. मी पोचते यात्रेला. आईच्या घरी ती झोपलेली चादर मी घडी करते, असा प्रकार. फोन रोज होतो. पण माहेरच्या ओट्यावर दोघी एका वेळी बसलो त्याला किती वर्षं झाली, हे मोजायला मी जात नाही.

मी : आसोद्याच्या बहिणाबाई तुम्हाला पुस्तकात होत्या ना?

ती : होत्या. माहेरावर कविता करणाऱ्या.

मी : त्यांचं माहेर आसोदं, सासर जळगाव. मध्ये अंतर पाच-सहा किलोमीटर. आज रिक्षाने पंधरा मिनिटं लागतात. माझं अमळनेर एसटीने दीड तासावर. अंतराने काही ठरत नाही गं.

ती : ते मला मान्य. पण त्यांनी गाणी केली म्हणून तूपण गाणीच करायची का? सालदाराचासुद्धा करार आखाजीला नव्याने होतो. तो म्हणू शकतो, एवढ्या पैशात जमणार नाही. तुझी बोली कधी होते?

हे वाक्य मी दिवसभर मनात घोळवलं. तेव्हा मात्र मी तिला दटावलं, सुनेची तुलना गड्याशी करतात का म्हणून. ती गप्प बसली आणि फोनकडे बघायला लागली. तिथे तिने काढलेला माझाच व्हिडिओ होता : मी चुलीपुढे बसून दोन्ही हातांवर मांडा फिरवत, कोपरापर्यंत लांबवत, पालथ्या खापरावर टाकते आहे. मागे कुठलंसं गाणं लावलेलं. पुण्याच्या तिच्या मैत्रिणींनी खाली बदाम बदाम टाकलेले.

ती : बघ, हा मी टाकला. सगळ्या म्हणाल्या, काय भारी सुट्टी आहे तुझी. आणि मी खाली लिहिलं होतं, 'मामाचं गाव.' खरं तर मांडे मामी करत होती, मामा पत्ते खेळत होता.

मी : त्यात घाम दिसत नाही माझा.

ती : मी तो फिल्टर लावला होता.

आता माझी पाळी होती. मी तिला विचारलं, एवढं जर कळतं तर तू स्वतः किती ताटं उचललीस? तिने सांगितलं, रोज उचलते, आणि ते मी पाहिलेलं होतं. मग तीच माझ्यावर उलटली.

ती : आणि दादा? तुझा मुलगा? तो सतरा वर्षांचा आहे. सकाळी दहापर्यंत झोपतो, उठून क्रिकेट, जेवून परत झोप. त्याला कुणी ताट उचल म्हणत नाही, आणि मी एक दिवस आठला उठले तर 'पुण्याच्या मुली' सुरू.

मी : शेतीची लाईट या आठवड्यात रात्रीची आहे. केळीला उन्हाळ्यात पाणी चुकलं तर घड पोसत नाही. रात्री बाराला तो बॅटरी घेऊन मळ्यात जातो, मोटर चालू करतो, पाणी बघतो, पहाटे येतो. तू झोपलेली असतेस.

ती : हे मला माहीत नव्हतं.

मी : तो सांगत नाही कुणाला.

ती : बरं. झोपू दे त्याला दहापर्यंत. पण जेवल्यावर तो जागा असतो ना? ताट उचलायला लाईट लागत नाही.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि शोधायची इच्छाही नव्हती. त्या दुपारी जेवणं झाल्यावर मी त्याला हाक मारून सगळी ताटं मोरीत न्यायला सांगितली. सासूबाईंनी वर पाहिलं. काही बोलल्या नाहीत. पोराने नेली.

पण धाब्यावरचं बोलणं अजून संपलं नव्हतं, कारण मलाही एक विचारायचं होतं.

मी : तुम्ही सगळे इथे येता. आम्ही पुण्याला आलो तर?

ती : या ना! कधीही या.

मी : कधीही? गेल्या वर्षी पुण्याला ट्रेनिंग होतं तेव्हा आले होते की तुमच्याकडे. तुझी आई ऑफिसला, कामवाली सुट्टीवर. दुसऱ्यांदा चहा हवा होता, पण दूध किती आहे, कोणतं भांडं घ्यावं, काही कळेना, म्हणून मी तशीच बसले. तू क्लासला. रात्री आईने बाहेरून मागवलं. सगळ्यांनी आपापला डबा उघडून खाल्लं. प्रेमाने केलं सगळं, नाही म्हणत नाही. पण दोन दिवसांत मला कळलं, की मी असले की तुमच्या घराला कुठे वळायचं तेच कळत नाही.

ती : दोन खोल्यांचं घर आहे गं आमचं. बाबा हॉलमध्ये झोपले होते तेव्हा.

मी : आमच्याकडे तुम्ही आलात की तुझे मामा अंगणात झोपतात. खोल्यांचा हिशेब तुम्ही करता, आम्ही करत नाही. आणि मग तुम्हाला दार हवं असतं.

ती : हे लागलं.

मी : लागू दे. तू मला सकाळपासून काय कमी बोललीस?

ती : मामी, पण मग दोन्हीकडे तूच अवघडलेली. इथे काम करून आणि तिथे काम न करून.

सूर्य वर आला होता. पहिल्या धोतरावरचे बिबडे कडेने सुटायला लागले होते. खालून सासूबाईंची हाक आली, 'जेवाले ये वं', म्हणजे भाचीला. न्याहारीलाही त्या जेवणच म्हणतात. भाची उठली नाही. तिने फोनवर काहीतरी शोधलं.

ती : हे बघ. २०२४ ला आखाजी १० मेला होती, यंदा ३० एप्रिलला. पुढच्या वर्षी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. दरवर्षी मागे मागे येतेय.

मी : तिथी आहे ती, दहा-अकरा दिवस मागे सरकणारच. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यानंतर पुन्हा मेमध्ये जाईल.

ती : म्हणजे पुढच्या आखाजीला आमच्या शाळा चालू असणार. धाकट्याची वार्षिक परीक्षा असणार. मावश्यांच्या मुलांचंही तेच. आम्ही येऊच शकत नाही!

मी : मग मेमध्ये या. सुट्टी लागल्यावर.

ती : मेमध्ये येऊ. पण आखाजीला तू इथे कशाला थांबतेस? अमळनेरला जा. सुरतेची मावशी येतेच.

मी : आणि घागर? मांडे?

ती : घागर मामांनी भरावी, पितर त्यांचेच आहेत. मांड्यांचं मला माहीत नाही. एक वर्ष पोळ्या खातील.

असं कुणी करत नाही, असं मी म्हणणार होते. पण का करत नाही याचं एकही कारण त्या क्षणी सुचेना. आणि सुचलेलं कारण सोळा वर्षांच्या पोरीपुढे टिकायला हवं, हीही अडचण होती.

त्याच आठवड्यात वादळी पाऊस आला आणि दुसऱ्या खेपेचे बिबडे ओले होऊन वाया गेले. केळीचेही काही घड पडले. नणंदा परतल्या, मी यात्रेला जाऊन आले, बहीण अर्थात भेटली नाही. १३ मेला दहावीचा निकाल लागला. भाचीने संध्याकाळी फोन करून टक्के सांगितले, मी विचारले नसताना. ते इथे लिहीत नाही. तिने गावात कुणाला सांगू नको म्हटलं आहे, आणि अकरावीचा ऑनलाइन प्रवेश २०२५ मध्ये सगळ्या राज्यात असल्यामुळे आकड्यापेक्षा कॉलेजच्या यादीचीच तिला काळजी होती.

२०२६ च्या आखाजीला अमळनेरला जायचं मी ठरवलं. मुख्याध्यापकांना रजेचं तेव्हाच बोलून ठेवलं, सुरतेला बहिणीला कळवलं. ह्यांनी दोन दिवस विचार केला आणि घागर भरायला काय काय लागतं ते आईला विचारून वहीत लिहून घेतलं. मोठ्या नणंदेला फोनवर सांगितलं तेव्हा ती जरा थांबून म्हणाली, 'मग आम्ही यायचं कधी?' मी म्हटलं, मेमध्ये या, महिनाभर राहा, येण्याआधी मात्र मला विचारा मी घरी आहे का ते.